ठणठणीत ढेप: पार्मिजानो रेज्जानो चीज कसं घडतं आणि कुठे बिघडतं

माठ विकत घेताना आपण बोटाच्या पेरानं टिचकी मारून बघतो. खणखणीत वाजला तर नीट भाजलाय, बद्द वाजला तर कुठेतरी चीर आहे. उत्तर इटलीतल्या एमिल्या भागात हीच परीक्षा चीजच्या चाळीस किलोच्या ढेपेची घेतात. ढेप वर्षाची झाली की परीक्षक धातूची लहानशी हातोडी घेऊन तिच्या वर, खाली, कडेला ठोकत जातो आणि कान देऊन ऐकतो. या माणसाला तिथे 'बात्तितोरे' म्हणतात, म्हणजे सरळ 'ठोकणारा'. तो ऐकत असतो ते एवढंच, की आत कुठे पोकळी आहे का.

पार्मिजानो रेज्जानोचे नियम पहिल्यांदा वाचले तर डोकं गरगरतं. गाईला मूरघास घालायचा नाही, संध्याकाळचं दूध रात्रभर परातीत ठेवायचं, दूध तांब्याच्याच हंड्यात तापवायचं, पारा 55 अंशांवर न्यायचा, वीसेक दिवस मिठवणीत बुडवायचं. ही सगळी सोवळ्याओवळ्याची यादी वाटते. पण यातले बहुतेक नियम एकाच शत्रूविरुद्ध आहेत, आणि तो म्हणजे वायू. इतक्या मोठ्या ढेपेच्या पोटात वायू धरला की ती फुगते, फाटते, तिला घाण वास सुटतो आणि साडेपाचशे लिटर दूध वाया जातं. घटक तीनच आहेत: दूध, मीठ आणि दूध गोठवणारं रेनेट. चूक झाकायला मसाला नाही, रंग नाही, टिकवण्याची पावडर नाही. त्यामुळे लढाई सगळी वेळेची, तापमानाची आणि जिवाणूंची आहे.

आधी नावाचा घोळ मिटवू. पिझ्झाच्या दुकानात 'परमेसान' म्हणून जी भुकटी मिळते ती बहुतेक वेळा हे चीज नसते. 'पार्मिजानो रेज्जानो' हे नाव फक्त पार्मा, रेज्जो एमिल्या आणि मोदेना हे तीन प्रांत, रेनो नदीच्या पश्चिमेकडचा बोलोन्याचा भाग आणि पो नदीच्या दक्षिणेकडचा मान्तोवाचा भाग एवढ्याच टापूत बनलेल्या चीजला लावता येतं. उत्पादकांचा संघ 1934 साली स्थापन झाला आणि 1996 पासून युरोपीय संघाचं भौगोलिक नावाचं संरक्षण आहे. आपल्याकडे कोल्हापुरी चपलेला जी भौगोलिक ओळख मिळाली आहे, तशातलाच हा प्रकार. 'परमेसान' हा शब्दही याच नावाची आठवण करून देतो असा निकाल युरोपीय न्यायालयानं 2008 मध्ये दिला, म्हणून युरोपात दुसऱ्या चीजवर तो छापता येत नाही. अमेरिकेत मात्र 'परमेसान' हे सामान्यनाम धरतात आणि कुणीही वापरू शकतं.

गोठ्यात सुरू होणारी लढाई

महाराष्ट्रातल्या दूधउत्पादकांना मूरघास सांगायला नको. हिरवा मका कुट्टी करून, दाबून, हवाबंद खड्ड्यात किंवा पिशवीत आंबवायचा आणि उन्हाळ्यात गाईला घालायचा. चारा उत्तमच. पण नीट दाबला गेला नाही, माती मिसळली, हवा शिरली, तर त्यात क्लॉस्ट्रिडियम टायरोब्युटिरिकम नावाचा जिवाणू माजतो. तो संकटात बीजाणू बनून, म्हणजे कडक कवचात झोपून, बसतो. चाऱ्यातून गाईच्या पोटात, शेणातून सडांवर आणि तिथून दुधात असा त्याचा प्रवास असतो. आपण पितो त्या दुधात त्यानं काही बिघडत नाही. दूध वर्षभर राहतच नाही ना!

चीज मात्र राहतं. बीजाणू 55 अंशांना मरत नाहीत, दूध पाश्चराइज केलं तरी मरत नाहीत. ते ढेपेच्या मधोमध, जिथे हवा नाही आणि मीठही अजून पोचलेलं नाही, तिथे जागे होतात. दुधातल्या साखरेपासून चांगल्या जिवाणूंनी बनवलेलं लॅक्टेट ते खातात आणि ब्युटिरिक आम्ल, कार्बन डायऑक्साइड आणि हायड्रोजन सोडतात. ढेप काही महिन्यांची झाल्यावर आतून फुगू लागते. कापली तर मोठमोठी भोकं, भेगा आणि सडक्या लोण्याचा, ओकारी आणणारा वास. याला 'उशिराची फुगण' म्हणतात. सर्वांत महागडं नुकसान हेच, कारण तोवर दूध, मजुरी, मीठ, जागा, सगळं खर्च झालेलं असतं.

म्हणून नियम सोपा आणि कडक केला आहे: मूरघास बंद. वाळलेलं गवत, लसूणघास आणि जोडीला ठरावीक खुराक. वैरणीचा किमान तीन चतुर्थांश वाटा त्याच टापूत पिकलेला असावा लागतो. शेजारच्या ग्राना पादानो चीजला मूरघास चालतो. तिथे बीजाणूंना आवर घालायला अंड्यातून काढलेलं लायसोझाइम टाकायची मुभा आहे. पार्मिजानोत ती पळवाट नाही, त्यामुळे सगळा भार गोठ्यावर येतो. दोन्ही चीज बाहेरून चुलतभावंडं वाटतात, पण खरा फरक चाऱ्यात आहे.

संध्याकाळचं दूध, सकाळचं दूध

दूध कच्चंच वापरतात. गोठ्यात ते 18 अंशांच्या खाली थंड करता येत नाही आणि धार काढून झाल्यापासून दोन तासांच्या आत डेअरीत पोचवावं लागतं. फार थंड केलं तर थंडीत वाढणारे नको ते जिवाणू जोर धरतात आणि ज्यांच्यावर चीजची चव उभी आहे ते मागे पडतात.

संध्याकाळचं दूध उथळ, रुंद पाट्यांमध्ये रात्रभर निवांत ठेवतात. साय वर येते. सकाळी खालचं दूध हळूच काढून घेतात. साय मागे राहते आणि तिचं लोणी होतं. हे केवळ स्निग्धांश कमी करण्यासाठी आहे असं बरेच जण समजतात. तेही खरं आहे, कारण पूर्ण सायीच्या दुधाचं चीज इतका काळ टिकणार नाही, आतून मऊ राहील. पण आणखी एक गंमत आहे. वर चढणारे स्निग्धांशाचे थेंब आपल्याबरोबर बरेचसे बीजाणूही ओढून नेतात. यंत्र न लावता दूध गाळून निघतं. ज्या साधूंच्या मठांमध्ये मध्ययुगात हे चीज आकाराला आलं त्यांना बीजाणू माहीत असण्याचं कारण नव्हतं, पण रात्रभर ठेवलेल्या दुधाची ढेप कमी बिघडते एवढं त्यांच्या ध्यानात आलं असणार.

सकाळचं दूध न विरळ करता, साईसकट, यात मिसळतात.

हंडा

दूध जातं ते तांब्याच्या हंड्यात. हंडा उलट्या टांगलेल्या घंटेसारखा: वर रुंद, खाली निमुळता. एका हंड्यात साधारण 1,100 लिटर दूध मावतं आणि त्यातून दोन ढेपा निघतात. एका ढेपेला सुमारे 550 लिटर, म्हणजे किलोभर चीजला जवळजवळ 14 लिटर दूध. तांबं उष्णता पटकन घेतं आणि वाफ बंद केली की पटकन सोडतं. पुढचा खेळ मिनिटांचा असल्यामुळे ते महत्त्वाचं.

पहिल्यांदा पडतं ते विरजण. आपल्या घरात कालच्या दह्याचा चमचाभर ठेवतात तसंच, फक्त इथे दही नसून निवळी असते. चक्का बांधल्यावर फडक्यातून जे हिरवट पाणी गळतं, तशातलं. कालच्या हंड्यातली गरम निवळी बाजूला काढून, हळूहळू निवू देऊन, रात्रभर आंबवतात. उष्णता सोसणारे लॅक्टोबॅसिलस तीत वाढतात. शंभर लिटर दुधाला अडीच ते तीन लिटर, म्हणजे एका हंड्याला तीसेक लिटर विरजण पडतं. ते अशक्त असलं तर आम्ल हळू बनतं आणि भलत्याच जिवाणूंना रान मोकळं मिळतं. फार जहाल असलं तर ढेप ठिसूळ, खडूसारखी होते आणि पुढे तडकते. विरजण बिघडलं तर काय करायचं? जे आपली आजी करायची तेच. शेजारून मागून आणायचं. शेजारची डेअरी नाही म्हणत नाही, उद्या तिच्यावरही वेळ येणार असते.

दूध 33-34 अंशांच्या आसपास आलं की रेनेट टाकतात. अजून दूध पिणाऱ्या वासराच्या चौथ्या जठरातून काढलेलं हे विकर. शंभर लिटरला साधारण अडीच-तीन ग्रॅम पूड पुरते. आठ ते बारा मिनिटांत हंडाभर दूध गोठतं. दिसायला दही, पण आंबट नाही. पोत चिकाच्या वडीच्या, खरवसाच्या जवळ जाणारा. दही आम्लानं लागतं, हे विकरानं. हा फरक समजला की चीज म्हणजे 'वाळवलेलं पनीर' हा गैरसमज जातो. पनीर लिंबानं फाडलेलं असतं, ते कितीही वाळवलं तरी असं मुरत नाही.

आता गोठलेलं दूध फोडायचं. त्यासाठी लांब दांड्याचं, तारांच्या पिंजऱ्यासारखं हत्यार असतं. त्याला 'स्पीनो' म्हणतात, म्हणजे काटा. पूर्वी खरोखर काटेरी फांदी वापरत. फोडता फोडता दाणे तांदळाच्या किंवा गव्हाच्या आकाराचे होईपर्यंत थांबायचं नाही. दाणा जितका बारीक, तितकं पाणी जास्त निघतं आणि ढेप तितकी दीर्घायुषी. दाणे लहानमोठे राहिले तर मोठ्यांच्या पोटात निवळी अडकते. त्या निवळीत साखर असते, आणि शिल्लक साखर म्हणजे वायू बनवणाऱ्यांना आयतं जेवण.

मग ऊब वाढवत दहाएक मिनिटांत 55 अंशांवर नेतात. या तापमानाला दाणे आक्रसतात, पाणी सोडतात आणि शेण-मातीतून आलेले कोलिफॉर्मसारखे जिवाणू बहुतेक गारद होतात. विरजणातले लॅक्टोबॅसिलस तगतात. कोलिफॉर्म वाचले तर पहिल्याच काही दिवसांत ढेपेत बारीक बारीक भोकांची चाळण होते. ही 'लवकरची फुगण'.

थांबायचं केव्हा हे थर्मामीटर पूर्ण सांगत नाही. चीज करणारा उस्ताद, म्हणजे 'काझारो', मूठभर दाणे काढून तळव्यात दाबतो. दाण्यांचा मुटका व्हायला हवा आणि अंगठ्यानं चोळला की दाणे पुन्हा सुटे व्हायला हवेत. बेसनाच्या लाडवाचं मिश्रण वळलं जातंय का बघतो तशीच ही परीक्षा. मुटका चिकट राहिला तर पाणी जास्त आहे. वळतच नसेल तर दाणे जादा सुकलेत, ढेप नीट जुळणार नाही आणि आत भेगा राहतील.

वाफ बंद होते. दाणे तळाशी बसतात आणि सुमारे तासभर गरम निवळीखाली एकमेकांना धरतात. हंडा खाली निमुळता का, ते इथे कळतं: दाणे आपोआप एका जागी गोळा होतात. शंभर किलोच्या घरातला हा गोळा लाकडी फावड्यानं खालून सुटा करतात, लिननच्या कापडात गुंडाळतात आणि दांडीवर टांगतात. सुरीनं दोन भाग केले की दोन ढेपा. त्यांना जुळी म्हणतात.

उरलेली निवळी फेकत नाहीत. थोडी उद्याच्या विरजणाला आणि थोडीफार रिकोत्ता या मऊ, ताज्या चीजला जाते. बाकीची डुकरांना, ज्यांच्या मांडीपासून पार्माचं प्रसिद्ध हॅम बनतं. एका गावाचे दोन धंदे असे एकाच हंड्यावर चालतात.

साचा, ठसे, मिठवणी

ढेप गोल साच्यात बसते, पहिल्या दिवशी अनेकदा उलटीपालटी केली जाते. तिचा गाभा कित्येक तास चांगलाच गरम राहतो. बाहेरचा भाग आधी निवतो, तिथे लॅक्टोबॅसिलस आधी कामाला लागतात आणि मग हळूहळू आत सरकतात. दोनेक दिवसांत दुधातली साखर संपते. दूध न पचणारे बरेच लोक हे चीज खाऊ शकतात ते यामुळे. सामू (पीएच) उतरून पाचाच्या आसपास येतो. मीठ आत पोचेपर्यंत गाभ्याचं रक्षण हीच आम्लता करते.

याच वेळी ओळखपत्रही चिकटतं. केसिनची, म्हणजे दुधाच्याच प्रथिनाची, एक चकती ढेपेत रुतवतात. तिच्यावर प्रत्येक ढेपेचा स्वतंत्र क्रमांक असतो. मग आतून टोकदार ठिपके असलेली पट्टी कडेभोवती लावतात. तिनं सालीवर ठिपक्याठिपक्यांनी चीजचं नाव, डेअरीचा क्रमांक, महिना आणि वर्ष उमटतं. ओली असतानाच हे करावं लागतं, एकदा साल धरली की ठसा बसत नाही. पुढचे दोन-तीन दिवस पोट सुटलेल्या स्टीलच्या साच्यात, आणि ढेपेला पिंपासारखा फुगीर घाट येतो.

त्यानंतर जवळपास संतृप्त मिठवणीत सुमारे वीस दिवस. कैरीच्या फोडी मिठात घातल्या की पाणी सुटतं तसंच इथे होतं: पाणी बाहेर, मीठ आत. पण वीस दिवसांत मीठ कडेपासून काही सेंटिमीटरच शिरतं. मध्यापर्यंत पोचून सारखं पसरायला पुढचे कित्येक महिने लागतात. म्हणूनच वर म्हटलं की गाभा बराच काळ बिनमिठाचा असतो आणि उशिराची फुगण तिथेच सुरू होते. मिठवणी पातळ झाली तर साल बुळबुळीत होते. ढेप जास्त दिवस राहिली तर साल खारट, कडक होऊन पुढे तडकते.

फळ्यांवरचं वर्ष

कोठारात छतापर्यंत लाकडी फळ्या आणि त्यांवर हजारो ढेपा. सुरुवातीला आठ-दहा दिवसांनी प्रत्येक ढेप उलटायची, घासायची, खालची फळी पुसायची. पूर्वी हे हातांनी होई, आता बऱ्याच ठिकाणी यंत्रमानव करतो. उलटली नाही तर ओल एकाच बाजूला साचते, साल मऊ पडते, बुरशी आणि चीजचे किडे घर करतात. बारीक भेग वेळेत दिसली तर खरवडून तापलेल्या लोखंडाचा चटका देऊन बंद करतात. वेळेत नाही दिसली तर बुरशी आत उतरते.

बारा महिने ही किमान अट आहे, पण बहुतेक ढेपा त्याहून जास्त थांबतात. एवढा काळ पैसा अडकून राहतो. त्यावर रेज्जो एमिल्यातल्या क्रेदितो एमिल्यानो बँकेनं 1953 पासून तोड काढली आहे: ढेपा तारण ठेवून कर्ज. आपल्याकडे सोनं तारण ठेवतात, तिथे चीज. बँकेची स्वतःची कोठारं आहेत. तारणाला दर आठवड्याला घासून पुसून उलटावं लागतं, हा तपशील कुठल्याही सराफाला हसू आणेल. फरक एवढाच, की हे तारण पडून राहिलं तर त्याची किंमत वाढते.

मे 2012 मध्ये एमिल्यात भूकंपाचे दोन मोठे धक्के बसले आणि उंच मांडण्या पत्त्यांसारख्या कोसळल्या. लाखो ढेपांना तडाखा बसला. फुटलेली ढेप पुढे मुरवता येत नाही, हवा शिरली की बुरशी ठरलेली, म्हणून ती लगेच विकणं भाग होतं. मोदेनाचा शेफ मास्सिमो बोत्तुरा यानं तेव्हा 'रिसोत्तो काचो ए पेपे' ही पाककृती पुढे आणली. रोमच्या मेंढीच्या चीज-मिरीच्या पास्त्याची ही भातावरची नक्कल, मेंढीच्या चीजऐवजी पार्मिजानो घालून. लोकांनी घरोघरी ती करावी आणि चीज संपावं हा हेतू. चीज संपलं.

हातोडी काय ऐकते

आता बात्तितोरेकडे परत. चांगली ढेप सगळीकडून सारखी, भरीव वाजते. ठोकताठोकता एखाद्या जागी आवाज बदलला, पोकळ किंवा फाटका आला, की तिथे भेग किंवा वायूची पोकळी आहे. शंका आली तर पीळदार सुई आत खुपसतात. सुई जाताना किती अडते आणि टोकाला आलेल्या कणांचा वास कसा आहे, यावरून आतली अवस्था कळते. अगदीच अडलं तर नळी घालून नमुना काढतात, पण मग ढेपेला कायमचं भोक पडतं, म्हणून तो शेवटचा उपाय.

पास झालेल्या ढेपेवर तापलेल्या लोखंडानं लंबगोल शिक्का डागतात. किरकोळ दोषांच्या ढेपेच्या सालीवर कडेनं समांतर रेघा ओढतात. ती लवकर खायची, फार मुरवायची नाही. नापास ढेपेच्या सालीवरचे ठिपके खरवडून काढतात. चीज विषारी नसतं, विकताही येतं, पण नाव गेलेलं असतं. वर्षापूर्वी बाळाला घातलेलं नाव काढून घेतल्यासारखं हे क्रूर वाटतं खरं, पण सालीवरचे ठिपके वाचून पैसे मोजणाऱ्या गिऱ्हाइकाचा भरवसा याच क्रूरपणावर टिकला आहे.

वय आणि पांढरे ठिपके

मुरताना प्रथिनं तुटून अमिनो आम्लं बनतात. बारा महिन्यांचं चीज फिकट, थोडं लवचीक, ताज्या दुधाची आठवण देणारं. चोवीस महिन्यांचं दाणेदार, गोड-खारट तोल साधलेलं, सुक्या मेव्याच्या वासाचं. पहिल्यांदा घेणाऱ्यानं हेच घ्यावं. छत्तीस महिन्यांपुढचं कोरडं, तिखट, मसालेदार वासाचं. ते नुसतं तुकड्यानं खायचं, पास्त्यावर किसून उधळायला फार महाग आणि काहीसं वायाही. 'जितकं जुनं तितकं चांगलं' हा हिशेब इथे लागू नाही.

दाताखाली करकरणारे पांढरे कण मीठ नव्हेत आणि बुरशीही नव्हे. ते टायरोसिन या अमिनो आम्लाचे स्फटिक आहेत, म्हणजे चीज मुरल्याची खूण.

ढेप कापत नाहीत, फोडतात. आखूड, बदामाच्या आकाराच्या बोथट पात्याच्या सुऱ्या असतात. सालीवर व्यासाच्या रेषेत सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर खोल चीर पाडायची, ती दोन्ही कडांवरून खालपर्यंत न्यायची, मग सुऱ्या रोवून उलट दिशांना दाबायच्या. ढेप तिच्या दाण्यांच्या रेषेत दुभंगते आणि खडबडीत तोंड उघडतं. तारेनं गुळगुळीत कापलं तर दाणा चिरडतो आणि जिभेवर तो पोत येत नाही. घरी आणलेला तुकडाही असाच, सुरीचं टोक रोवून पिळून तोडावा.

विकत घेताना आणि स्वयंपाकघरात

सालीसकट तुकडा घ्या. सालीवरचे ठिपके हाच दाखला. किसलेलं घेतलं तर अस्सल पाकिटातही सालीचा अंश असतो. नियमानं तो 18 टक्क्यांपर्यंत चालतो. स्वस्त 'परमेसान' भुकटीत कण चिकटू नयेत म्हणून सेल्युलोज वगैरे असतं, पाकिटावरची यादी वाचली की दिसतं.

शाकाहारी असाल तर एक गोष्ट स्पष्ट: रेनेट वासराच्या जठरातलंच हवं असा नियम असल्यामुळे शाकाहारी पार्मिजानो रेज्जानो असूच शकत नाही. सूक्ष्मजीवांपासून बनवलेलं रेनेट वापरून केलेली त्या धर्तीची कडक चीज मिळतात. ती वेगळ्या नावानं विकली जातात आणि पास्त्यावर किसायला ठीक असतात. ग्राना पादानोतही वासराचंच रेनेट, वर अंड्याचं लायसोझाइम, त्यामुळे तोही पर्याय नाही.

तुकडा फ्रिजमध्ये चार ते आठ अंशांना, आधी कागदात आणि मग डब्यात ठेवा. उघड्यावर सुकून तडे जातात, आणि शेजारी कांदा असेल तर त्याचा वास लगेच धरतो. वरून बुरशी आलीच तर तेवढा सेंटिमीटरभर थर काढून टाकला की बाकीचं चालतं. फ्रीजरमध्ये मात्र नको: पाणी गोठून दाण्यांची वीण मोडते. खाण्याआधी तासभर बाहेर काढून ठेवावं, गार चीजला वास नसतो.

आता सगळ्यांची तक्रार: 'पास्त्यात चीज टाकलं की रबरासारखे गोळे होतात.' कारण उष्णता. फार गरम झालं की प्रथिनं आक्रसून एकमेकांना चिकटतात आणि तूप वेगळं सुटतं. दोघांसाठी 200 ग्रॅम पास्ता, 40 ग्रॅम लोणी, 60 ग्रॅम अगदी बारीक किसलेलं चीज आणि पास्ता शिजवलेलं पिष्टाळ पाणी अर्धी वाटी, हे प्रमाण धरा. पास्ता गाळायच्या आधी पाणी काढून ठेवायला विसरू नका. त्यातलं पिष्ट प्रथिनांच्या आड येऊन गोळे होऊ देत नाही, साध्या पाण्यानं ते काम होत नाही. गॅस बंद करून पातेलं मिनिटभर थांबू द्या. लोणी आणि थोडं पाणी घालून हलवा, मग चीज दोन-तीन वेळा भुरभुरत जोरात ढवळा. घट्ट वाटलं तर आणखी चमचाभर पाणी. गोळे झालेच तर परत गॅसवर ठेवू नका, ते आणखी घट्ट होतील. रिसोत्तोचंही तेच: चौघांसाठी 320 ग्रॅम तांदळाला 70-80 ग्रॅम चीज, गॅस बंद केल्यावर. मीठ शेवटी चाखून मगच.

साल टाकायची नाही. तिच्यावर मेण नसतं, प्लास्टिक नसतं. ती सुकलेलं चीजच आहे. बाहेरची बाजू सुरीनं खरवडून धुवा आणि हातभर लांब नको, बोटभर तुकडा भाज्यांच्या किंवा राजम्याच्या सूपमध्ये सुरुवातीलाच टाका. पाऊण-एक तासात ती मऊ होते आणि सूपला दाटपणा येतो. तुकडा काढून बारीक चिरून परत घालतात किंवा घरातलं कुणीतरी तो चघळत बसतं. नाहीतर खरवडलेल्या सालीचे लहान चौकोन करून मायक्रोवेव्हमध्ये मिनिटभर ठेवा. आतलं उरलंसुरलं पाणी वाफ होऊन ते कुरडईसारखे फुलतात. इथे फुगलेलं चालतं.